शंभर क्रेडिटांचा व्यापारी

संगणकीय खेळांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी परका मानू नये, असे आम्हांस वाटते. 1984 साली डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या 32 किलोबाइट स्मृतीच्या संगणकासाठी 'एलिट' हा खेळ रचला. अंतराळातील व्यापार आणि लढाई हा त्याचा विषय. त्यात 8 दीर्घिका व प्रत्येकीत 256 ग्रह होते. एवढे विश्व साठवण्यास जागा नसल्याने ते गणिती सूत्रांतून हवे तेव्हा घडवले जाई.

खेळाडूच्या हाती आरंभी एक यान आणि 100 क्रेडिट. नवख्याने शेतीप्रधान ग्रहावर धान्य घ्यावे, उद्योगप्रधान ग्रहावर विकावे, परतताना संगणक भरावेत. अराजक माजलेल्या ग्रहांकडे इतक्यात फिरकू नये. तिथे चाचे टपलेले असतात. नफ्यातून आधी यान सज्ज करावे.

मालाच्या यादीत मात्र गुलामही आहेत. ते नेल्यास पोलिसांच्या दप्तरी नाव चढते. पण खेळ कोणास अडवत नाही. प्रश्न वाङ्मयीन होतो तो इथे. खेळासोबत रॉबर्ट होल्डस्टॉक यांची 'द डार्क व्हील' ही लघुकादंबरी मिळत असे. तिच्यातील नायकाचे चारित्र्य लेखकाने ठरवलेले. खेळातील नायकाचे मात्र खेळणाराच ठरवतो, तेही प्रत्येक सौद्यागणिक. वाचकाच्या सहभागाविषयी वर्गात बोलताना हे उदाहरण अवश्य घ्यावे, असे आमचे मत आहे.