आवाज कोणाचा? सबटायटल की डबिंग या वादाचा इतिहास

ॲनिमे मूळ जपानी आवाजात सबटायटल वाचत पाहावे की डब केलेले पाहावे, हा वाद आता आपल्याकडेही पुरेसा तापला आहे. एक पक्ष म्हणतो, डबिंग म्हणजे मूळ कलाकृतीची विटंबना. दुसरा विचारतो, चित्र पाहायचे की खालच्या ओळी वाचायच्या? आजच्या धाग्यात या वादाचा निवाडा करायचा नाही, तो आला कुठून हे शोधायचे आहे. त्यासाठी अमेरिकेआधी जपानमध्ये जावे लागेल, कारण हा प्रश्न ज्या काळी जपानपुढे उभा राहिला, त्या काळी परकी भाषा इंग्रजी होती आणि ती ऐकणारे जपानी होते.

मूकपटांच्या काळात जपानी चित्रपटगृहात पडद्याच्या बाजूला एक निवेदक उभा असे. त्याला ‘बेन्शी’ म्हणत. तो कथा सांगे, सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः म्हणे, परदेशी चालीरीती समजावून देई आणि अधूनमधून स्वतःची टीकाटिप्पणीही करी. आपल्या कीर्तनकाराची आठवण यावी असा हा प्रकार. पुष्कळ प्रेक्षक नटापेक्षा बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढत. तोकुगावा मुसेईसारखे बेन्शी तर तारांकित कलावंतच होते.

मग बोलपट आला. हॉलीवूडचे चित्रपट आता स्वतःच बोलू लागले आणि तेही इंग्रजीत. काही दिवस बेन्शी त्या आवाजावर आपला आवाज चढवून पाहत होते. फॉक्स कंपनीने अमेरिकेत राहणाऱ्या जपानी लोकांकडून एक चित्रपट डब करून घेतला. पण त्यांच्या बोलण्यावर हिरोशिमाकडच्या बोलीची छाप होती आणि हॉलीवूडच्या नायकनायिकांच्या तोंडी ती ऐकून प्रेक्षकांना हसू आवरेना. १९३१ मध्ये जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘मोरोक्को’ जपानमध्ये आला तो जपानी सबटायटल घेऊन. त्यासाठी तामुरा योशिहिको यांना न्यूयॉर्कला पाठवण्यात आले होते. प्रयोग यशस्वी ठरला आणि परदेशी चित्रपट सबटायटलसह पाहण्याची सवय जपानी प्रेक्षकाला लागली.

त्या यशाची किंमत बेन्शींनी मोजली. हजारो लोकांचा व्यवसाय काही वर्षांत बुडाला. १९३२ मध्ये संप झाले. संपकऱ्यांच्या पुढाऱ्यांत कुरोसावा हेइगो नावाचा एक तरुण बेन्शी होता. संप फसला; १९३३ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याचा धाकटा भाऊ अकिरा पुढे जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाला आणि आत्मचरित्रात त्याने या भावाविषयी फार मनापासून लिहिले. पडद्याच्या कडेला उमटणाऱ्या चार अक्षरांच्या ओळी आपल्याला निरुपद्रवी वाटतात. त्यांनी एका संपूर्ण बोलत्या कलेची जागा घेतली होती, हे ध्यानात असू द्यावे.

(जाता जाता: त्याच सुमारास आपल्याकडे प्रभात कंपनीने या पेचातून तिसरीच वाट काढली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ त्यांनी मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला. ना सबटायटल, ना डबिंग! खर्चिक खरी, पण उमदी वाट.)

जपानी दूरचित्रवाणी १९५३ मध्ये सुरू झाली आणि पारडे फिरले. मोठ्या चित्रपट कंपन्यांना हे नवे माध्यम प्रतिस्पर्धी वाटे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपले चित्रपट दूरचित्रवाणीला देणे बंद केले. वाहिन्यांना वेळ तर भरायचा होता, म्हणून अमेरिकी मालिका आयात झाल्या. त्या काळच्या लहान, अंधूक पडद्यावर सबटायटल वाचणे अवघड आणि मुलांना तर अशक्यच. म्हणून डबिंग आले. प्रारंभी हे काम ध्वनिमुद्रणाशिवाय, थेट प्रक्षेपणाच्या वेळीच चाले. चित्र पुढे सरके आणि नट त्याबरोबर बोलत. चुकले तर चुकले, ते साऱ्या देशाने ऐकले!

हे काम करणारे बहुतेक रंगभूमीवरचे आणि नभोवाणीवरचे नट होते. त्यांच्यातूनच ‘सेइयू’, म्हणजे आवाजाचा नट, हा व्यवसाय आकाराला आला. नोझावा नाची हे आलँ देलाँ या फ्रेंच नटाचा जपानी आवाज म्हणून घरोघरी ओळखले जात. आज ज्या सेइयूंच्या आवाजासाठी आपण सबटायटलचा आग्रह धरतो, त्यांच्या कलेची पहिली तालीम परक्या चित्रांना आपला आवाज देण्यात झाली आहे. म्हणजे डबिंगमध्ये!

आणखी एक गोष्ट सबटायटलवाद्यांना रुचणार नाही. अमेरिकी व्यंगपटात सहसा आवाज आधी मुद्रित होतो आणि त्या आवाजावर चित्रे बेततात. जपानमध्ये उलटे: चित्रे आधी (किंवा निदान अर्धीमुर्धी तयार) आणि आवाज नंतर. या पद्धतीला तिथे ‘आफुरेको’ म्हणतात. ओठांच्या हालचालीही मोजक्याच काढलेल्या असतात. मिटलेले, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. ‘अकिरा’ने (१९८८) आधी आवाज मुद्रित केले, तेव्हा ती विशेष बाब म्हणून गाजली. एरवी ज्याला आपण मूळ आवाज म्हणतो, तोही चित्रावर मागाहूनच बसवलेला असतो. यावरून जपानी आवाज आणि इंग्रजी आवाज सारखेच ठरतात असे मात्र नाही. जपानी आवाज दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली, त्याच्या भाषेत आणि त्याच्या संमतीने बसतो. फरक आहे तो अधिकाराचा. पुढचा सारा इतिहास हा अधिकार कोणी कसा वापरला याचाच आहे.

१ जानेवारी १९६३ रोजी तेझुका ओसामू यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका फुजी वाहिनीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी एनबीसीच्या वितरणशाखेमार्फत ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने अमेरिकेत पोहोचली. इंग्रजी आवृत्तीची सूत्रे फ्रेड लॅड यांच्याकडे होती. बिली लू वॉट, रे ओवेन्स आणि गिल्बर्ट मॅक अशा मोजक्या नटांनी डझनावारी पात्रे बोलून दाखवली. मुलांना न झेपणारे म्हणून काही भाग नाकारले गेले. इथून एक गृहीतक रूढ झाले: ॲनिमे म्हणजे मुलांसाठी आणलेला कच्चा माल, तो हवा तसा कापावा, शिवावा.

‘गाच्चामान’चे (१९७२) काय झाले पाहा. १९७८ मध्ये अमेरिकेत ते ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ झाले. हिंसेची दृश्ये कापली, पृथ्वीवरच्या घटना परग्रहांवर हलवल्या, आणि कापलेला वेळ भरून काढण्यासाठी सेव्हन-झार्क-सेव्हन नावाचा एक बडबड्या यंत्रमानव नव्याने काढून घुसवला. मूळ १०५ भागांपैकी ८५ उरले. ‘यामातो’ या युद्धनौकेची अंतराळकथा १९७९ मध्ये ‘स्टार ब्लेझर्स’ झाली, तेव्हा नौकेवरच्या डॉक्टरची साके ही मद्याची बाटली झऱ्याच्या पाण्याची झाली. तरी या मालिकेने कथेचा क्रम आणि गांभीर्य बरेचसे राखले.

१९८५ चे ‘रोबोटेक’ हा याहून चमत्कारिक प्रकार. अमेरिकी वाहिन्यांना रोज दाखवण्यासाठी किमान ६५ भागांची मालिका लागे. ‘माक्रोस’चे भाग होते ३६. कार्ल मॅसेक यांनी त्याला आणखी दोन असंबद्ध मालिका जोडल्या आणि तीन पिढ्यांची एकच कथा रचून ८५ भाग उभे केले. पावित्र्यवाद्यांनी त्यांना आयुष्यभर बोल लावले. मला मात्र वाटते की मॅसेक यांचा गुन्हा जरा वाढवून सांगितला जातो. प्रेम, युद्ध आणि मृत्यू यांची सलग कथा व्यंगचित्रांत सांगता येते हे अनेक अमेरिकी मुलांना ‘रोबोटेक’मुळेच कळले आणि त्यांतलीच काही पुढे मूळ आवृत्ती शोधायला निघाली.

मियाझाकी हायाओ यांच्या ‘नाउशिका’ची (१९८४) गत सर्वांत वाईट. ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने त्यातली सुमारे २२ मिनिटे कापली गेली, आणि निसर्गाशी समेट शोधणारी ती कथा साधी साहसकथा होऊन बसली. हा घाव जिब्ली स्टुडिओ विसरला नाही. पुढे ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेत दाखवण्याचे हक्क मिरामॅक्सकडे गेले, तेव्हा निर्माते सुझुकी तोशिओ यांनी हार्वी वाइनस्टीन यांना एक जपानी तलवार भेट दिली आणि सोबत निरोप: कापाकापी चालणार नाही. १९९९ मध्ये तो चित्रपट अखंड प्रदर्शित झाला. इंग्रजी संवाद नील गेमन यांनी लिहिले होते. डबिंग झाले, कात्री लागली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे त्यातून दिसले.

पण तोवर चाहत्यांच्या मनात त्या एकजीव झाल्या होत्या. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ॲनिमेप्रेमींचे एक मंडळ स्थापन झाले होते. जपान आणि अमेरिका यांची दूरचित्रवाणी एकाच तांत्रिक मानकावर चाले, म्हणून जपानमध्ये मुद्रित केलेली टेप अमेरिकेत सरळ लावता येई. अन्यथा हा सारा इतिहास कदाचित घडलाच नसता. सभासद टपालाने टेपा मागवत आणि भाषा कळत नसताना, कथेचा सारांश हातात धरून, तासन्‌तास पाहत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमिगा संगणक आणि गेनलॉक हे उपकरण घरात आणण्याजोगे झाले आणि चाहते स्वतःच सबटायटल चढवू लागले. याला ‘फॅनसब’ म्हणतात. टेपेवरून टेप, तिच्यावरून आणखी एक. चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत रंग उडालेले आणि अक्षरे थरथरणारी. प्रामाणिक मंडळींचा दंडक असा की विक्री करायची नाही आणि अधिकृत आवृत्ती आली की वाटप थांबवायचे. सबटायटल म्हणजे निष्ठा ही भावना या टेपांतून रुजली. ती अकारण नव्हती, कारण त्या काळी न कापलेली कथा हवी असेल तर सबटायटलखेरीज मार्गच नव्हता.

बाजारानेही ही दरी रुंदावली. एका टेपेवर एकच आवृत्ती मावे. डब केलेली टेप जास्त खपे म्हणून स्वस्त, सबटायटलची महाग. दर्दी असण्याला रोकडा भाव आला! मग १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली. एका तबकडीवर ८ ध्वनिपट्ट्या आणि ३२ सबटायटल मावू लागली. निवड कळीच्या एका दाबावर आली तरी वाद मिटला नाही. उलट ‘सेलर मून’ आणि ‘पोकेमॉन’ यांनी तेल ओतले. पहिल्यात हारुका आणि मिचिरू या प्रेयसींना इंग्रजीत चुलत बहिणी ठरवले. दुसऱ्यात भाताच्या ओनिगिरीला जॅम भरलेले डोनट म्हटले. २००१ मध्ये ‘काउबॉय बीबॉप’ अमेरिकी वाहिनीवर आले आणि स्टीव्ह ब्लम यांच्या आवाजातला स्पाइक ऐकून कट्टर सबटायटलवादीही जरा नरमले.

सबटायटल निर्दोष असते असेही नाही. जपानी सबटायटलकारांचा जुना संकेत सेकंदाला चार अक्षरांचा. इंग्रजीतही एका वेळी दोनच ओळी. बोललेले सारे त्यात मावत नाही, म्हणजे तिथेही कात्री आहेच, फक्त तिचा आवाज येत नाही. २०१९ मध्ये ‘इव्हान्जेलियन’ नव्या इंग्रजी अनुवादासह नेटफ्लिक्सवर आले, तेव्हा काओरू शिंजीला जे म्हणतो त्यावरून रण माजले. ‘सुकी’ या जपानी शब्दात आवडण्यापासून प्रेमापर्यंत सारे सामावते. आधीच्या अनुवादात प्रेम होते, नव्यात आवड आली. तक्रार डबिंगपुरती नव्हती; सबटायटल वाचणाऱ्यांनीही तोच बदललेला अर्थ वाचला.

भारतातली कथा डबिंगनेच सुरू होते. निप्पॉन ॲनिमेशनची मोगलीची मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. ती मालिका जपानी आहे हे पाहणाऱ्या कितीजणांच्या गावी होते? साको युगो आणि राम मोहन यांचा ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ तर ‘मूळ’ या शब्दाचीच फजिती करतो. कथा आपली, चित्रे मुख्यतः जपानी, मूळ संवाद इंग्रजी, गाणी संस्कृत. पुढे हिंदीत अरुण गोविल रामाच्या आवाजात बोलले. आता यातले अस्सल कुठले?

२०१९ मध्ये शिंकाई माकोतो यांचा ‘वेदरिंग विथ यू’ चाहत्यांच्या मागणीअर्जानंतर भारतीय चित्रपटगृहांत आला, तो जपानी आवाजात आणि इंग्रजी सबटायटलसह. २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कासल’ जपानीबरोबरच इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. त्या यादीत मराठी नव्हती. आपण सबटायटल की डबिंग म्हणून भांडतो, तेव्हा निवड बहुधा जपानी ऐकत इंग्रजी वाचण्याची किंवा हिंदी ऐकण्याची असते.

हे मला विशेष खटकते ते शिंकाईंच्याच ‘युअर नेम’मधल्या (२०१६) एका प्रसंगामुळे. ताकीच्या देहात जागी झालेली मित्सुहा उशिरा शाळेत पोहोचते आणि वाट चुकल्याचे त्याच्या मित्रांना सांगते. पण सवयीने स्वतःला ‘वाताशी’ म्हणते. मित्र चमकतात. ती ‘वाताकुशी’ म्हणून पाहते, मग ‘बोकू’, आणि अखेर ‘ओरे’ म्हटल्यावर त्यांचे समाधान होते. चारही शब्दांचा अर्थ ‘मी’. इंग्रजीत ‘मी’साठी एकच शब्द, म्हणून सबटायटलकाराला तिथे कंसात मूळ जपानी शब्द तरी द्यावे लागतात किंवा विनोद सोडून तरी द्यावा लागतो. मराठीत ‘मी’ एकच, पण क्रियापद लपू देत नाही. मित्सुहा म्हणाली असती, ‘वाट चुकले.’ मित्रांनी वळून पाहिले असते. ‘म्हणजे... आम्ही चुकलो.’ अजूनही रोखलेल्या नजरा. ‘चुकलो रे, चुकलो!’