भिंतीवरील पाठशाळा

मुंबईस १८५७ सालीं जे. जे. कलाशाळा निघाली, आणि चित्रकला शाळेंतच शिकावयाची, असा समज सुशिक्षितांत रूढ झाला. परंतु भिवंडीजवळील टेमघर ज्या ठाणें जिल्ह्यांत आहे, त्याच्याच तेव्हांच्या उत्तर भागांत, डहाणूकडील वारली पाड्यांत, ही विद्या मुलींस घरींच मिळे. लग्नाचा चौक सवाशिणी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें लिहीत. मुली पाहतां पाहतां शिकत. १९७० नंतर गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं ही कला कागदावर आणिली. तिची कीर्ति परदेशांत गेली, पुरुष चित्रकार पुढें आले. हा लाभ मोठाच. तथापि कागद विकला जातो, भिंत घरांत राहते. आणि लेकीची शाळा त्या भिंतीपाशींच होती, हें विसरतां कामा नये.