पितृत्वाचा वाद आणि बालकाचा हक्क

'हे मूल माझे नाही' असे घरात एकदा उच्चारले गेले की पती-पत्नीमधील भांडणाचा सारा भार बालकाच्या माथी येतो. लोणावळा, तळेगाव वा वडगाव परिसरातील कुटुंबावर असा प्रसंग ओढवला तर सल्ल्यासाठी बहुधा घरातील वडीलधारी मंडळी किंवा धर्मगुरू यांच्याकडे धाव घेतली जाते. अशा वेळी देशाचा कायदा आणि ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतात, हे भाविकांना ठाऊक असावे, या हेतूने पुढील माहिती संकलित केली आहे.

विवाह आणि पितृत्व

वैध विवाह टिकून असताना, अथवा तो संपुष्टात आल्यानंतर २८० दिवसांच्या आत व माता अविवाहित असताना जन्मलेले अपत्य त्या पतीचेच औरस अपत्य होय, असा नियम १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तोच नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. त्याला अपवाद एकच : गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध झाले पाहिजे. पती मुंबईत नोकरीला आणि पत्नी लोणावळ्यात, एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही, कारण रेल्वेने हा प्रवास काही तासांचा आहे. पती त्या संपूर्ण काळात परदेशी होता असे पारपत्रावरील नोंदींवरून दिसले, तर गोष्ट निराळी. निव्वळ संशयावरून कोणाही बालकाला अनौरस ठरविले जाऊ नये, हा या नियमामागील हेतू आहे.

डीएनए चाचणी

पितृत्व ठरविण्यासाठी रक्तचाचणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट केले. त्यानंतरचे दोन निकाल महाराष्ट्रातील दाम्पत्यांचे आहेत.

विदर्भातील एका प्रकरणात प्रथम नागपूर व नंतर हैदराबाद येथील प्रयोगशाळांच्या अहवालांवरून पती हा मुलीचा जैविक पिता नसल्याचे दिसून आले. न्यायालयानेच मागविलेला असा नि:संदिग्ध अहवाल समोर असताना गृहीतकाच्या आधारे त्याच्यावर पितृत्व लादता येणार नाही, असा निकाल ६ जानेवारी २०१४ रोजी लागला. मुलीसाठी आजवर दिलेली पोटगी मात्र परत वसूल करू नये, असेही न्यायालयाने बजावले.

दुसरे प्रकरण पुण्याचे. पत्नीच्या व्यभिचाराचा पुरावा म्हणून मुलाची डीएनए चाचणी व्हावी, अशी पतीची मागणी होती. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने व मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मान्य केली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२३ रोजी ते आदेश रद्द केले. व्यभिचाराचा आरोप अन्य पुराव्यांनी सिद्ध करता येतो, त्यासाठी या वादात पक्षकारही नसलेल्या बालकाला वेठीस धरू नये, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपल्या जन्माविषयी उगाच प्रश्न उपस्थित होऊ नये, हा बालकाचा स्वत:चा हक्क आहे.

पालनपोषणाची जबाबदारी

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) औरस व अनौरस अशा दोन्ही प्रकारच्या अज्ञान मुलांना पित्याकडून पोटगी मिळू शकते. हा नियम सर्वधर्मीयांना लागू आहे. म्हणजेच, 'विवाहच झाला नव्हता' असे सांगून जन्मदात्याला जबाबदारी टाळता येत नाही. मावळ तालुक्यातील मातेला यासाठी वडगाव मावळ येथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया व बालके यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

कागदपत्रांतील नाव

एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी असा निर्णय दिला की, बालकाचे पालकत्व मागताना तिला पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, तसेच प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला दिला जावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाच्या नावानंतर आईचे नाव लावणे आता बंधनकारक आहे.

ख्रिस्तसभेचा कायदा

१९८३ च्या कॅनन लॉमधील नियम ११३८ नुसार वैध विवाह ज्याच्याकडे निर्देश करतो तोच बालकाचा पिता होय. याउलट काही म्हणायचे असल्यास उघड व स्पष्ट पुरावा हवा. विवाहानंतर किमान १८० दिवसांनी, अथवा वैवाहिक सहजीवन संपल्यानंतर ३०० दिवसांच्या आत जन्मलेले अपत्य औरस मानले जाते. नियम ८७७ स्नानसंस्काराच्या नोंदीविषयी आहे. माता अविवाहित असल्यास पित्याचे नाव केवळ शासकीय दस्तऐवजाच्या आधारे, किंवा त्याने स्वत: धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर दिलेल्या कबुलीवरूनच लिहिता येते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते लिहिता येत नाही वा खोडताही येत नाही. पितृत्वाविषयी वाद आहे, एवढ्या कारणावरून स्नानसंस्कार नाकारण्याची तरतूद या कायद्यात नाही.

रक्ताचे नाते आणि पितृधर्म

मरियेच्या उदरातील बाळ आपले नाही, हे संत योसेफला ठाऊक होते. तिला गुपचूप सोडून देण्याचा विचारही त्याच्या मनात आला होता. तरीही त्याने तिचा स्वीकार केला आणि बाळाचे नाव ठेवले. यहुदी रीतीनुसार नाव ठेवणारा तो बालकाचा कायदेशीर पिता ठरला. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० च्या 'पात्रिस कोर्दे' या पत्रात हाच धागा उचलला आहे : मूल जन्माला आल्याने नव्हे, तर त्याची जबाबदारी उचलल्याने पुरुष पिता होतो.

याचा अर्थ फसविल्या गेलेल्या पतीचे दु:ख खोटे आहे, असा नाही. त्याला न्यायालयात जाण्याचा हक्क आहे आणि सबळ पुरावा असल्यास न्यायही मिळतो. परंतु प्रयोगशाळेचा अहवाल एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. ज्या मुलाने आजवर ज्याला 'बाबा' म्हटले, त्याला उद्या शाळेत कोण पोहोचविणार, हे त्या अहवालात लिहिलेले नसते. म्हणून खाजगी चाचणी करून घेण्यापूर्वी, मुलासमोर एकही शब्द उच्चारण्यापूर्वी, जाणकार वकील व आपले धर्मगुरू यांच्याशी बोलावे आणि निकाल लागेपर्यंत मुलाचे अन्न, शाळा व औषधपाणी यांत खंड पडू देऊ नये.