पावसाळ्यात लेझर प्रिंटरची छपाई का बिघडते?

भंडारदऱ्याचा पावसाळा पर्यटकांना भुरळ घालतो. शेंडी, राजूर परिसरात संगणकावर काम करणाऱ्यांची मात्र तो परीक्षा पाहतो. धुके थेट खोलीत शिरते आणि उघड्यावर राहिलेली कागदाची रिम हवेतील ओलावा शोषून घेते. सातबारा उतारे, दाखले, अर्ज अशी लोकांच्या गरजेची कागदपत्रे अशाच कागदावर छापली जातात. २०१८पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो पुसट उठला, तर उताऱ्याची खातरजमा अडते आणि शेतकऱ्याला आणखी एक हेलपाटा पडतो. अशा वेळी सर्वप्रथम कार्ट्रिज बदलले जाते. हा खर्च पुष्कळदा वाया जातो, कारण दोष कागदात असतो.

लेझर छपाईचा पाया स्थिर विद्युतभार हा आहे. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये सिद्ध केलेल्या या तत्त्वावरच झेरॉक्स यंत्रही चालते. लेझर किरण ड्रमवर अक्षरांचा अदृश्य ठसा उमटवतो, त्यावर टोनरची भुकटी चिकटते आणि कागदाला दिलेला विद्युतभार ती भुकटी ओढून घेतो. त्यानंतर सुमारे २०० अंश सेल्सियस तापलेला फ्यूजर ती वितळवून कागदात बसवतो. ओल्या कागदात हा विद्युतभार टिकत नाही, तो निसटतो. त्यामुळे अक्षरे ठिकठिकाणी फिकट उठतात. फ्यूजरची उष्णताही पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. मग कागद वळतो आणि बोट फिरवताच अक्षर पुसले जाते.

याची परीक्षा सोपी आहे. नव्या, सीलबंद रिमेतील दहा-बारा पाने घालून तोच मजकूर छापून पाहावा. छपाई सुधारली, तर प्रिंटरला दोष देण्याचे कारण नाही. रिम वेष्टनातच ठेवावी, उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि ट्रेमध्ये दिवसभराला पुरेल एवढाच कागद घालावा. रात्रभर ट्रेमध्ये राहिलेला कागद सकाळी महत्त्वाच्या कामाला वापरू नये. टोनर पुसलाच जात असेल, तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाड कागदाचा पर्याय निवडल्यास फ्यूजरची उष्णता वाढते किंवा कागदाची गती मंदावते आणि छपाई पक्की बसते.

कोरडा कागद घालूनही दोष राहिला, तर तो पानावरून ओळखता येतो. पानाच्या लांबीत उभा पांढरा पट्टा येत असेल, तर टोनर संपत आला आहे किंवा लेझरच्या वाटेतील काचेवर धूळ बसली आहे. कार्ट्रिज आडवे धरून हळुवार हलवल्यास काही दिवस निभावते. उभी काळी रेघ बहुधा ओरखडलेल्या ड्रमची असते. ठरावीक अंतराने तोच डाग उमटत असेल, तर फूटपट्टी घ्यावी. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ७५, तर ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा सुमारे ९४ मिलिमीटर भरतो. दोन डागांतील अंतर परिघाशी जुळले, तर दोष ड्रमचा. न जुळल्यास एखाद्या रोलरचा. संपूर्ण पान करडे दिसत असेल, तर संशय निकृष्ट भरलेल्या टोनरवर किंवा झिजलेल्या ड्रमवर घ्यावा.

वीज हा ग्रामीण भागातील निराळा प्रश्न. फ्यूजर तापताना एकदम शेकडो वॉट खेचतो, म्हणून संगणकाच्या लहान यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नये. गारठलेल्या खोलीतून प्रिंटर उबदार खोलीत आणल्यास आतील काचेवर दव धरते. अशा वेळी तासाभराने यंत्र सुरू करावे. ड्रम उन्हात उघडा ठेवू नये, त्याला बोट लावू नये. हाताला लागलेली टोनरची भुकटी थंड पाण्यानेच धुवावी. गरम पाण्याने ती चिकटते.