जुनं सी हॉक जेट विमानवाहू जहाजावर कसं उतरवायचं?

कोयनानगरला धरणाची भिंत पाहिली असेल तर हा हिशेब पटकन कळेल. ती भिंत सुमारे ८०० मीटर लांब आहे. आपली जुनी आयएनएस विक्रांत होती सुमारे २१० मीटर, म्हणजे भिंतीच्या जेमतेम चौथा हिस्सा. त्यातलाही एक भागच उतरायला मिळायचा, आणि तो समुद्रात पुढे सरकत असायचा. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

विक्रांतवरचं तेव्हाचं लढाऊ जेट म्हणजे ब्रिटिश बनावटीचं सी हॉक. एक इंजिन, सरळ पंख, आणि वैमानिकाला सांभाळून घेणारा कॉम्प्युटर वगैरे काही नाही. ४ डिसेंबर १९७१ ला कॉक्स बझारवर हल्ला केला तो याच विमानांनी. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात ते बघायला मिळतं.

आणि उडवायचं असेल तर फ्लाइटगिअर. हा सिम्युलेटर फुकट आणि ओपन सोर्स आहे. त्यात सी हॉक आहे आणि उतरायला अमेरिकन निमित्झ जहाजही. मोबाइलवर मात्र जमणार नाही. विंडोज, मॅक किंवा लिनक्स लागेल. जॉयस्टिक मिळाली तर उत्तम.

आता मुख्य गोष्ट. साध्या धावपट्टीवर उतरताना शेवटच्या क्षणी आपण नाक थोडं वर घेतो, म्हणजे चाकं अलगद टेकतात. जहाजावर ही सवय घात करते. नाक उचललं की विमान तरंगत पुढे जातं आणि डेकवरच्या आडव्या तारा मागे राहतात. विमानाच्या शेपटीखालचा हूक त्यातल्या एका तारेत अडकला तरच विमान थांबतं. म्हणून नाक आणि वेग आहे तसाच ठेवून सरळ डेकवर आदळायचं. हो, आदळायचंच.

उंची सांभाळायची थ्रॉटलने, वेग सांभाळायचा स्टिकने. सुरुवातीला हे उलटं वाटतं. त्यात जुन्या जेट इंजिनाला थ्रॉटल दिल्यावर जोर धरायला वेळ लागतो. नेट स्लो असताना आपण बटण पुन्हा पुन्हा दाबतो आणि मग सगळं एकदम होतं ना, तसंच. म्हणून थ्रॉटल थोडासाच हलवा, परिणाम दिसू द्या, मग पुढचा बदल करा.

डेकच्या डाव्या बाजूला हिरव्या दिव्यांची आडवी रांग दिसेल आणि मध्ये एक पिवळसर दिवा. तो रांगेच्या वर दिसला तर तुम्ही जास्त उंचावर आहात, खाली गेला तर फार खाली. खाली असणं जास्त वाईट, कारण समोर जहाजाची मागची भिंत असते.

आणखी एक गंमत: उतरायची पट्टी डावीकडे तिरकी असते, पण जहाज सरळ पुढे जातं. त्यामुळे पट्टीची मधली रेघ तुमच्या उजवीकडे सरकत राहते. सतत थोडं थोडं उजवीकडे घ्यावं लागतं.

चाकं टेकताच थ्रॉटल पूर्ण उघडा. तार पकडली असेल तर विमान तरीही थांबेल, मग थ्रॉटल बंद करा. नसेल पकडली, तर डेक संपायच्या आत पुन्हा हवेत जायला तोच जोर लागणार आहे.