पुराचे पाणी ओसरते, तारेतला गंज राहतो

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. अशा पुरात बुडालेली मोटार धुऊन-पुसून पुन्हा सुरू करता येते. तिच्या वायरिंगचे तसे नसते. तांब्याच्या बारीक तंतूंमधून पाणी प्लास्टिकच्या आवरणाखाली दूरवर झिरपते आणि तांबे आतल्या आत हिरवे पडत जाते. बिघाड काही महिन्यांनी, कधी वर्षांनी डोके वर काढतो, तोही मधूनमधून. दिवे क्षणभर मंदावतात, इंजिन चालता चालता बंद पडते आणि गॅरेजात नेताच सारे सुरळीत असते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पूर न पाहिलेल्या जुन्या गाड्यांनाही हाच विकार जडतो.

अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे हा सर्वांत खर्चिक मार्ग होय. बिघाड पावसात होतो, खड्ड्यात आदळल्यावर की इंजिन तापल्यावर, याची आधी नोंद ठेवावी. बॅटरीत विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील, तर बॅटरी व अल्टरनेटर यांवरील संशय बराच कमी होतो.

उरतो तो मुख्य संशयित, अर्थिंग. येथे मल्टीमीटरने नुसता रोध मोजणे फसवे ठरते. तारेतील एकच तंतू शाबूत असला तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो; भार पडला की तोच तंतू दगा देतो. म्हणून हेडलाइट चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण ध्रुवाला, दुसरे दिव्याच्या अर्थिंगला लावावे. घट ०.२ व्होल्टहून अधिक असल्यास जोड उघडून घासावा. या वेळी वायरिंगचा जुडगा थोडा थोडा हलवत जावे. आकडा जेथे उडी मारतो, तेथे दोष असण्याचा संभव सर्वाधिक.

वारंवार जाणाऱ्या १० अँपिअरच्या फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा बसवण्याची क्लृप्ती मात्र जिवावर बेतू शकते. फ्यूज वाचतो आणि तार पेटते.

जुनी गाडी विकत घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, गालिचा उचलावा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर उघडावेत. तेथे चिखलाची रेघ किंवा हिरवट थर आढळला, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी सौदा थांबवणेच बरे.