गिरणगावातलं हरवलेलं मैदान

परवा लालबागच्या पुलावरून येताना मी टॉवर मोजत होतो. डोक्यात एकच प्रश्न: यात मैदान कुठंय?

अर्थशास्त्रात 'सार्वजनिक वस्तू' म्हणतात ना, त्याचं सोपं उदाहरण म्हणजे रस्त्यावरचा दिवा. उजेड सगळ्यांवर पडतो, आणि तुमच्यावर पडला म्हणून माझा कमी होत नाही. मोकळी जागाही बरीचशी तशीच. हवेचे पैसे वसूल करणार कोणाकडून? म्हणून बिल्डर ती आपणहून देत नाही. नियम लागतो.

तसा नियम होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं: जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, तेवढाच म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये बदल झाला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात नाही. आता गिरणीत शेडच शेड, रिकामं असणार किती? २००५ मध्ये हायकोर्टाने याचिकाकर्त्यांची बाजू घेतली, पण २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदल कायम ठेवला.

मला खटकतं ते गणित. फायदा मोजक्यांचा, पण प्रत्येकाचा प्रचंड. तोटा लाखोंचा, पण प्रत्येकाचा थोडाथोडा. मग आपण म्हणतो, "कोणीतरी बोलेलच की!"

तेव्हा तुमच्या भागातल्या मैदानाचं आरक्षण बदलायला निघालं आणि सूचना-हरकती मागवल्या, तर एक हरकत तुमचीही असू द्या. भेटूया पुढच्या भागात!